मुंबईत मुक्काम कुठे करावा : सोलापूरच्या एका कुटुंबाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूरचे पाच जणांचे कुटुंब चार दिवसांसाठी मुंबईला येणार आहे. आईची परळच्या टाटा रुग्णालयात तपासणी आहे, धाकट्या भावाची वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेच्या व्हिसासाठी मुलाखत आहे आणि दोन्ही मुलांनी मुंबई अजून पाहिलेली नाही. कुलाबा, दादर, अंधेरी आणि वाशी अशी चार ठिकाणे त्यांनी निवडून ठेवली आहेत. वाशीची खोली सर्वांत स्वस्त आहे, अंधेरीची सर्वांत नवी आहे आणि मुलांना समुद्राजवळचे कुलाबे हवे आहे. कोणते ठिकाण घ्यावे, असे त्यांनी विचारले आहे.

बाहेरगावाहून मुंबईत येणाऱ्या कुटुंबांच्या मुक्कामाची व्यवस्था मी गेली चोवीस वर्षे करतो आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक माणसे दवाखाना, कोर्ट, मंत्रालय किंवा व्हिसा अशा कामासाठी येतात आणि उरलेल्या वेळात मुंबई पाहतात. या कुटुंबासाठी माझे उत्तर दादर आहे, आणि त्यातही दादर पूर्व किंवा त्याला लागून असलेले माटुंगा. नुसते नाव सांगून मात्र उपयोग होत नाही, कारण उद्या तपासणीच्या कागदावर परळऐवजी नवी मुंबईतले खारघर लिहून आले तर हेच उत्तर चुकीचे ठरेल. म्हणून या उत्तरामागचा हिशेब नीट सांगतो.

मुंबई ही दक्षिणोत्तर लांब आणि पूर्वपश्चिम चिंचोळी आहे. तिचे रेल्वेमार्गही तसेच उभे गेले आहेत : चर्चगेटहून दादर, वांद्रे, अंधेरी, बोरिवलीमार्गे विरारकडे जाणारी पश्चिम रेल्वे, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून दादर, कुर्ला, ठाणेमार्गे कल्याणकडे जाणारी मध्य रेल्वे, आणि त्याच टर्मिनसहून वडाळा, कुर्ला, वाशीमार्गे पनवेलला जाणारी हार्बर. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरच्या मार्गावर धावली, आणि त्यानंतर हे शहर रुळांच्या कडेकडेनेच वाढत गेले. त्यामुळे एका मार्गावरचे वीस किलोमीटर पाऊण तासात होतात, पण एका मार्गावरून दुसऱ्या मार्गाकडे आडवे जायचे असेल तर पाच किलोमीटरलाही तासभर लागू शकतो. आरक्षणाच्या संकेतस्थळांवर ‘अमुक ठिकाणापासून ४ किलोमीटर’ असे जे लिहिलेले असते ते बहुधा नकाशावरचे सरळ रेषेतले अंतर असते. मधली खाडी, रूळ आणि उड्डाणपूल त्यात धरलेले नसतात. मुंबईत जागा ठरवताना म्हणून किलोमीटर बाजूला ठेवावेत आणि दोनच गोष्टी विचाराव्यात : कामाच्या ठिकाणी पोहोचेपर्यंत गाडी किती वेळा बदलावी लागेल, आणि तो प्रवास गर्दीच्या दिशेने आहे की तिच्या उलट?

हा दुसरा प्रश्न बाहेरगावची माणसे सहसा विचारत नाहीत, आणि माझ्या मते तोच अधिक महत्त्वाचा आहे. सकाळी आठ ते अकरा या वेळात मुंबईची मोठी गर्दी उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे चर्चगेट आणि सीएसएमटीच्या दिशेने वाहते, आणि संध्याकाळी साडेपाचनंतर ती परत उत्तरेकडे वळते. ठाणे, बोरिवली किंवा वाशीला उतरलेल्या माणसाला सकाळच्या कामासाठी नेमके या लोंढ्यातच शिरावे लागते. वीस वर्षे दारात लोंबकळून प्रवास केलेल्या मुंबईकराला ते जमते. साठी उलटलेल्या, आजारी, हातात तपासण्यांची फाइल धरलेल्या बाईंना ते जमणार नाही आणि तिने तो प्रयत्नही करू नये. उलट जो दक्षिणेला किंवा शहराच्या मध्यावर राहतो त्याला सकाळी उत्तरेकडे जाताना बऱ्यापैकी मोकळी गाडी मिळते. चर्चगेट आणि सीएसएमटी या स्थानकांचा आणखी एक फायदा असा की गाडी तिथूनच सुटत असल्यामुळे गर्दीची वेळ टाळली तर बसायला जागा मिळते.

या धंद्यात नवीन असताना मी स्वतः ही चूक केलेली आहे. बीड जिल्ह्यातल्या एका कुटुंबाला मी अंधेरी पूर्वेला खोली घेऊन दिली होती, कारण खोली स्वच्छ होती, दर परवडणारा होता आणि रुग्णालय नकाशावर फार लांब दिसत नव्हते. सकाळी सातला टॅक्सीत बसलेली ती माणसे पावणेनऊला पोहोचली, त्यांचा नंबर पुकारून गेला होता आणि तपासणी दुसऱ्या दिवसावर गेली. एका दिवसाचे खोलीभाडे, टॅक्सी आणि त्या आजोबांचा त्रास यांचा विचार केला तर दादरची महाग खोलीच त्यांना स्वस्त पडली असती. तेव्हापासून मी आधी सर्वांत नाजूक माणसाचा सर्वांत महत्त्वाचा प्रवास पाहतो आणि बाकी सगळे त्याच्याभोवती बसवतो.

तुमच्या बाबतीत तो प्रवास आईचा आहे. दादर हे पश्चिम आणि मध्य या दोन्ही मार्गांचे सामायिक स्थानक आहे आणि सोलापूरहून येणाऱ्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसपासून २०२३ मध्ये सुरू झालेल्या वंदे भारतपर्यंतच्या गाड्या तिथे थांबतात, त्यामुळे सामान घेऊन पुढे सीएसएमटीपर्यंत जाऊन परत येण्याची गरज नाही. दादर पूर्वेहून टाटा रुग्णालय टॅक्सीने अगदी जवळ आहे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी : शीवच्या आणि माहीमच्या दक्षिणेला रिक्षा चालत नाहीत, म्हणून दादर-परळ भागात काळी-पिवळी टॅक्सी किंवा बेस्टची बस हीच साधने आहेत. अंतर जवळचे आहे म्हणून एखादा चालक नकार देतो, अशा वेळी रुग्णालयाचे नाव आणि आईची प्रकृती सांगावी. माझा अनुभव असा आहे की बहुतेक टॅक्सीवाले मग मीटर टाकतात.

दादर म्हटले की पूर्व आणि पश्चिम हा भेद पाळलाच पाहिजे. पश्चिमेला फूलबाजार, कबुतरखाना, रानडे रोड आणि पुढे शिवाजी पार्क. हा भाग जिवंत आहे, मराठी जेवणाची चांगली दुकाने तिथे आहेत, पण स्थानकाबाहेरच्या गल्ल्यांत पहाटेपासून रात्रीपर्यंत पाय ठेवायला जागा नसते. पूर्वेला स्वामीनारायण मंदिर, खोदादाद सर्कल आणि हिंदू कॉलनी. रस्ते रुंद आहेत, टॅक्सी दारापर्यंत येते आणि परळकडे जाताना रूळ ओलांडावे लागत नाहीत. हा शेवटचा मुद्दा आता पूर्वीपेक्षा फार महत्त्वाचा झाला आहे, कारण प्रभादेवी स्थानकाजवळचा जुना एल्फिन्स्टन पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडून नव्याने बांधण्यासाठी वाहनांना बंद केला गेला. प्रभादेवी किंवा वरळीची खोली नकाशात टाटा रुग्णालयाच्या समोरच असल्यासारखी दिसते, परंतु तिथून गाडीने परळ पूर्वेला यायचे तर दादरच्या टिळक पुलाला किंवा करी रोडच्या पुलाला वळसा घालावा लागतो आणि त्या दोन्ही पुलांवर आता दुप्पट भार आहे. प्रभादेवी आणि परळ या दोन स्थानकांना जोडणारा पादचारी पूल आहे खरा, पण तपासणीला निघालेल्या माणसाला जिने चढायला लावू नयेत.

माटुंगा पूर्वेचे नाव मी मुद्दाम घेतले. किंग्ज सर्कल आणि फाइव्ह गार्डन्सच्या परिसरात झाडे आहेत, रात्री शांतता असते आणि दक्षिण भारतीय पद्धतीची जुनी उपाहारगृहे आहेत, जिथे सकाळी लवकर गरम इडली आणि दुपारी मऊ भात मिळतो. औषधोपचार चालू असलेल्या माणसाच्या पोटाला मानवणारे अन्न चालत जाण्याच्या अंतरावर असणे ही खोलीतल्या टीव्हीपेक्षा कितीतरी मोठी सोय आहे. तिथे खोल्या मात्र कमी आहेत, त्यामुळे लवकर चौकशी करावी.

आईची तपासणी एका दिवसात संपेल असे धरून तुम्ही चार दिवस ठरवले आहेत. पहिल्याच भेटीत आणखी तपासण्या सांगितल्या जाणे अगदी सामान्य आहे, म्हणून खोली घेताना मुक्काम दोन दिवसांनी वाढवता येईल का हे आधीच विचारून ठेवावे. उपचार लांबले तर लॉजमध्ये राहणे परवडत नाही. दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, परळला नाना पालकर स्मृती समितीचे रुग्ण सेवा सदन आहे, आणि अशा ठिकाणी प्रवेशासाठी रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाकडे प्रथम जावे. कागदपत्रे, उपलब्ध जागा आणि प्रतीक्षा यांची माहिती तिथेच मिळते. स्थानकावर किंवा रुग्णालयाच्या फाटकाबाहेर भेटणाऱ्या ‘खोली हवी का’ म्हणणाऱ्या माणसाच्या हाती एक रुपयाही आगाऊ देऊ नये. लोकलने जाण्याची वेळ आलीच तर दिव्यांगांसाठी राखीव डब्यातून कर्करुग्णांनाही प्रवासाची मुभा असते; कागद जवळ ठेवावेत.

आता खारघरचा मुद्दा. टाटा स्मारक केंद्राची खारघर येथेही मोठी संस्था आहे आणि काही रुग्णांना तपासणीसाठी किंवा उपचारासाठी तिकडे पाठवले जाते. तुमच्या कागदावर तसे लिहिलेले असेल तर दादरचा विचार सोडून वाशी, नेरूळ किंवा खुद्द खारघरला उतरावे, कारण मग वाशीची तीच स्वस्त खोली सर्वांत योग्य ठरते. अन्यथा वाशीचा मोह टाळावा. हार्बर मार्गावरच्या गाड्या सगळ्या धिम्या आहेत, वाशीहून सीएसएमटी पाऊण तासापेक्षा कमी नाही, आणि परळसाठी कुर्ल्याला उतरून मध्य रेल्वेची गाडी धरावी लागते. स्वतःची मोटार घेऊन येणाऱ्यांना मात्र मी वाशी किंवा ठाणे आवर्जून सुचवतो. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर नाही, पण आत आल्यावर गाडी उभी करायला जागा मिळत नाही हा खरा प्रश्न आहे आणि तो पथकर माफ झाल्याने सुटलेला नाही.

भावाच्या मुलाखतीसाठी दादर सोयीचे होण्याचे कारण अगदी अलीकडचे आहे. भुयारी मेट्रो तीन टप्प्यांत सुरू झाली : ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये थेट कफ परेडपर्यंत. सुमारे साडेतेहतीस किलोमीटरच्या या मार्गावर २७ स्थानके आहेत. दादर मेट्रोहून शितलादेवी, धारावी आणि तिसरे स्थानक वांद्रे-कुर्ला संकुल. पूर्वी याच प्रवासासाठी वांद्रे किंवा कुर्ला स्थानकावर उतरून शेअर रिक्षाच्या रांगेत अर्धा तास उभे राहावे लागे. मेट्रोचे स्थानक दादर पश्चिमेला असल्यामुळे भावाला पूर्वेहून रेल्वेच्या पुलावरून पलीकडे जावे लागेल. तो तरुण आहे, त्याला ते जड नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात उतरल्यावर पुढे रिक्षा घ्यावी. अमेरिकेच्या वाणिज्य दूतावासात मोबाइल, बॅग आणि इलेक्ट्रॉनिक वस्तू नेता येत नाहीत, म्हणून फोन खोलीवर ठेवूनच निघावे आणि परतीचा रस्ता व खोलीचा पत्ता कागदावर लिहून खिशात ठेवावा. बोटांचे ठसे आणि मुलाखत ही दोन कामे वेगवेगळ्या ठिकाणी होतात. दोन्हींचे पत्ते आणि वेळा नीट पाहूनच आईच्या तपासणीचा दिवस त्यांत अडकत नाही ना हे ठरवावे. मुलाखतीसाठी एकटाच माणूस येत असेल तर मी त्याला संकुलाजवळ, सांताक्रूझ पूर्वेच्या कलिना भागात किंवा वांद्रे पूर्वेला राहायला सांगतो. तुमचे पाच जण आहेत, एकाच्या दोन तासांसाठी बाकीच्यांनी तिकडे राहू नये.

अंधेरीबद्दल थोडक्यात सांगतो. मरोळ, चकाला, सहार या पट्ट्यातली हॉटेले विमानप्रवाशांसाठी उत्तम आहेत, आणि मरोळ नाक्याला भुयारी मेट्रो व २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोवा-घाटकोपर मेट्रो एकमेकींना मिळतात, त्यामुळे तो भाग पूर्वीइतका अडचणीचा राहिलेला नाही. पण तुम्ही रेल्वेने येणार आहात आणि तुमचे एकही काम तिकडे नाही. विमानाने येणाऱ्या इतर वाचकांसाठी एवढेच, की तिकिटावरचे टर्मिनल आणि आता विमानतळाचे नावही पाहावे, कारण ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे आणि तो पनवेलजवळ आहे. चुकीच्या विमानतळाजवळ घेतलेली खोली काहीच कामाची नाही.

राहिले कुलाबा, आणि मुलांचा हट्ट मला योग्य वाटतो. गेटवे, समुद्र, फोर्टच्या जुन्या दगडी इमारती, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय हे सारे पायी फिरण्याजोगे आहे, आणि पहिल्यांदा मुंबईत आलेल्या मुलाला सकाळी उठून समुद्रावर जाता येण्याचा आनंद दादरहून मिळणार नाही. माझी सूचना अशी : पहिले तीन दिवस दादर पूर्वेला राहावे, दोन्ही कामे आटोपली आणि आईला थकवा नसेल तर शेवटची एकच रात्र फोर्ट किंवा कुलाब्यात काढावी. आई दमली असेल तर जागा बदलू नये. मुलांना घेऊन दादरहून मेट्रोने हुतात्मा चौकाला जावे, वीसेक मिनिटांच्या आसपास तुम्ही संग्रहालयाच्या परिसरात पोहोचाल. याच मार्गावर नेहरू विज्ञान केंद्राजवळही स्थानक आहे आणि सिद्धिविनायक हे दादरच्या अलीकडचेच स्थानक आहे. घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात आणि राणीची बाग बुधवारी, हे वार मुलांना शब्द देण्यापूर्वी पाहावेत. कुलाब्याच्या स्वस्त लॉजमध्ये एक अडचण नेहमी येते : एका मोठ्या खोलीचे फळ्या लावून चार भाग केलेले असतात आणि त्यांतल्या दोन भागांना खिडकीच नसते. छायाचित्रात पडदा दिसतो, पडद्यामागे भिंत असते.

मंत्रालयात किंवा उच्च न्यायालयात काम असणाऱ्यांनी सरळ फोर्ट, चर्चगेट किंवा सीएसएमटीच्या परिसरातच राहावे. सोलापूरकरांना मात्र हेही सांगायला हवे, की ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. कोर्टाच्या कामासाठी मुंबईत खोली शोधण्याआधी आपल्या वकिलांना एकदा विचारून घ्यावे.

तारखांचा विचार जागेइतकाच महत्त्वाचा आहे. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात आणि त्याआधीच्या दोनतीन दिवसांपासून दादरमध्ये खोली मिळणे अवघड असते. गणेशोत्सवात लालबाग-परळचे रस्ते रात्रंदिवस भरलेले असतात, त्या दहा दिवसांत परळची तपासणी असेल तर रुग्णालयाला चालत जाता येईल अशीच खोली शोधावी. पावसाळ्यात दादर पूर्वेचा हिंदमाता परिसर आणि माटुंग्याचा किंग्ज सर्कल हे जुने पाणी साचणारे भाग आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा शहर काय झाले होते हे मी पाहिले आहे. तसा दिवस विरळा, पण भरतीच्या वेळी जोराचा पाऊस आला तर हिंदमाताला अजूनही टॅक्सी अडकते. जून ते सप्टेंबरमध्ये येत असाल तर तळमजल्यावरची खोली घेऊ नये, आणि तपासणीच्या सकाळी भरतीची वेळ पाहून थोडे आधी निघावे.

पैसे भरण्यापूर्वी लॉजवर स्वतः फोन करावा. इमारतीला लिफ्ट आहे का आणि ती रात्रीही चालू असते का, हे आईसाठी पहिले विचारावे, कारण दादर आणि फोर्टच्या जुन्या इमारतींत लॉज तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद असे अनेकदा आढळते. स्वच्छतागृह कमोडचे आहे की भारतीय बैठकीचे, खिडकी रस्त्यावर उघडते की डक्टमध्ये, पाच जणांना एक खोली देणार की दोन, आणि पाचव्या माणसाचे वेगळे पैसे किती, हेही विचारावे. त्यानंतर वेळेचा प्रश्न. सिद्धेश्वर तुम्हाला पहाटे दादरला उतरवेल आणि बहुतेक ठिकाणी खोलीचा ताबा दुपारी बारानंतर मिळतो. आईला सहा तास सामानासह बाकावर बसवण्यापेक्षा आदल्या रात्रीचे अर्धे भाडे देऊन सकाळीच खोली मिळते का पाहावे, किंवा वंदे भारतने यावे, जी सकाळी सोलापूरहून निघून दुपारी दादरला पोहोचते, म्हणजे उतरल्यावर थेट खोलीत जाता येईल. तपासणी दुसऱ्या दिवशी सकाळची असेल तर मी वंदे भारतच घेईन. दादरला उतरताना मध्य रेल्वेचे फलाट आता ८ ते १४ असे आहेत. डिसेंबर २०२३ पासून दोन्ही रेल्वेंचे क्रमांक सलग केलेले असल्याने जुन्या आठवणीवर विसंबून चुकीच्या पुलावर चढू नये. पूर्वेचा जिना विचारून घ्यावा आणि बाहेर पडताच आईला टॅक्सीत बसवून भावाने सामान आणावे.